मूळ पट्टी

भोंग्याला भोंगा हे नाव ताईनेच ठेवलं. पाळण्यात असल्यापासून तो असा टाहो फोडायचा की वरच्या मजल्यावरचे लोक खाली येऊन विचारायचे, काय हो, पोराला चिमटे काढता की काय? ताई तेव्हा शाळेत जाणारी, दोन वेण्यांची. ती म्हणाली, हे बाळ नाही, भोंगा आहे. पुढे तेच नाव पोस्टरवर हातभर अक्षरांत छापून आलं, मैदानं भरभरून लोक ते नाव घेऊन ओरडायला लागले. ताईचं खरं नाव मात्र कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. बँडमध्ये ड्रमरपासून ट्रक चालवणाऱ्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

आता ताईचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं, कारण सगळी भानगड त्या कामातच आहे. रॉकच्या कार्यक्रमात स्टेजवर इतका दणदणाट असतो की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून त्याच्या दोन्ही कानांत इअरफोन असतात. बँडमधले त्यांना ‘कानातली’ म्हणायचे आणि त्यावरून व्हायचे ते विनोद होऊन होऊन शिळे झाले होते. त्या कानांत काय जाणार हे ठरवणारं माणूस स्टेजच्या कडेला, पडद्याआड मिक्सर मांडून बसतं. ते माणूस म्हणजे ताई. लोकांना काय ऐकू जाणार हे ठरवणारा दुसरा माणूस समोर, हॉलच्या पार मागच्या टोकाला बसतो. तो मामा. कुणाचाच मामा नव्हता, पण केस पिकले होते आणि सगळ्यांचे जेवणाचे डबे तोच सांभाळायचा, म्हणून मामा. भोंग्याचा माइक एकच, पण त्याचा आवाज दोघांकडे वेगवेगळा जायचा. मामाने आपल्याकडे तो बंद केला तरी ताईकडे तो चालूच. शिवाय ताईच्या टेबलावर एक छोटा माइक होता, बटण दाबून ती थेट भोंग्याच्या कानात बोलायची. डावीकडे सरक, वायर आहे. पाणी पी. शर्टाचं बटण लाव. हजारो पोरी ज्याच्यावर जीव ओवाळून टाकायच्या त्याला शर्टाचं बटण लावायला बहीण सांगायची.

गळा मात्र होता हो. त्यात शंकाच नाही. ज्या गाण्याने तो वर आला त्यात शेवटाकडे एक ओळ फार उंच जाते. ती ओळ तो मूळ पट्टीत अशी घ्यायचा की रोज तेच वाजवणारा गिटारवालाही मान वर करून बघायचा. ताईने इतक्या वर्षांत पुष्कळ गाणारे कानांखालून घातले, पण ती ओळ तशी घेणारा दुसरा कुणी तिला भेटला नाही. भावाचं कौतुक म्हणून नव्हे. भावाचं कौतुक करायची तिला सवयच नव्हती.

दारू सगळेच प्यायचे. बाकीचे कार्यक्रमानंतर प्यायचे, हा आधी प्यायला लागला, मग आधी आणि नंतर, मग सकाळी उठल्यावर हात थरथरतो म्हणून. दारूच्या जोडीला गोळ्या आल्या. बायको एक दिवस मुलीला घेऊन माहेरी गेली आणि तिथून तिच्या वकिलाचा फोन आला, तेव्हा याने फोन स्पीकरवर टाकून सगळ्या बँडला ऐकवला आणि हसत सुटला. कुणीही हसलं नाही. ताईने त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि वकिलाची माफी मागितली. माफी मागायचं खातंही तिच्याकडेच होतं.

मग तो एक कार्यक्रम आला. भोंगा स्टेजवर आला तोच भिंत शोधत. पहिल्या गाण्याच्या तीन ओळी कशाबशा म्हटल्या, म्हणजे म्हटल्या असं म्हणायचं, आणि ड्रमच्या चौथऱ्यावर जाऊन बसला. हॉल खचाखच भरलेला. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक. ताईला एक खोड होती. प्रत्येक कार्यक्रमात भोंग्याचा आवाज ती वेगळा, एकट्याचा, रेकॉर्ड करून ठेवायची. आणि ड्रमरच्या कानात ताल धरायला एक टिकटिक चालू असते, ती प्रत्येक कार्यक्रमात सारखीच, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा आवाज आजच्या वाजवण्यावर बिनचूक बसतो. ताईने फार विचार केला नाही. तिने भोंग्याच्या भरातल्या दिवसांतला आवाज काढला, मामाकडे जाणाऱ्या लायनीत जोडला आणि हेडफोनच्या माइकवर म्हणाली, “मामा, त्याचा माइक बंद करा. शेवटच्या चॅनलवर बघा, तिथे तो गातोय.”

“तो तर इथे समोर लोळतोय,” मामा म्हणाला.

“तिथे आहे म्हणते ना.”

मामाने चॅनल उघडला. हॉलमध्ये भोंग्याचा आवाज असा उसळला की खुद्द भोंगाही उठून उभा राहिला. त्याच्या कानात त्याचा स्वतःचाच घोगरा, बेसूर आवाज जात होता, पण नशेत माणसाला आपला आवाज गोडच लागतो. तो तोंडासमोर माइक धरून, झिंज्या उडवत शेवटपर्यंत ओरडत राहिला. लोकांना ऐकू गेला तो दोन वर्षांपूर्वीचा भोंगा. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की असा तो आजवर गायला नव्हता. आईने ते कात्रण कापून फ्रिजवर लावलं. भोंग्याने ते वाचलं आणि त्याला सगळं आठवलं. म्हणजे, आठवलंसं वाटलं.

एकदाचं निभावून न्यावं म्हणून केलेली गोष्ट, ती बँडचा रिवाजच होऊन बसली. मॅनेजर गोड बोलणारा माणूस. “ताई, तुम्ही बँड वाचवलात,” तो म्हणाला, आणि तेव्हापासून भोंग्याचा माइक लोकांसाठी बंदच राहिला. ड्रमरला माहीत, गिटारवाल्याला माहीत, मामाला माहीत, ट्रकवाल्यालाही बहुधा माहीत. ज्याचा आवाज, त्यालाच तेवढं माहीत नव्हतं. कार्यक्रम संपला की तो घामाने निथळत पडद्याआड यायचा आणि ताईला विचारायचा, “कसा होतो?” ताई म्हणायची, मस्त. दुसरं काय म्हणणार?

शेवटी एका सकाळी तो हॉटेलच्या न्हाणीघरात बेशुद्ध सापडला. आई आणि ताई मिळून त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेल्या. दोनदा पळून आला, दोनदा परत नेला. तिसऱ्यांदा टिकला. काही महिन्यांनी केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी घरच्यांना बोलावलं. प्लास्टिकच्या खुर्च्या गोलात मांडलेल्या, कोपऱ्यात पाण्याचा कूलर गुरगुरतोय. बाईंनी भोंग्याला विचारलं, “तुम्ही कशाच्या जोरावर सोडणार, ते यांना सांगा.”

भोंग्याने बोटं मोडली. मग म्हणाला, “एक कार्यक्रम आहे. मला त्या दिवशी उभंसुद्धा राहता येत नव्हतं, हे मला पक्कं आठवतंय. पण गळा आला, बाई. हातपायांनी दगा दिला, डोक्याने दिला, गळ्याने नाही दिला. त्या अवस्थेत मी तसा गायलो, म्हणजे तो आत शाबूत आहे. शुद्धीत असलो तर कुठल्या कुठे जाईन. मी त्याच्यासाठी सोडतोय. बायकोसाठी नाही, पोरीसाठी नाही, आईसाठीपण नाही. खोटं कशाला बोलू?”

बाई म्हणाल्या, “छान. तेच घट्ट धरून ठेवा.”

आईने पदराने डोळे पुसले आणि ताईचा हात दाबला.  ताईच्या मनात आलं, आत्ता सांगावं. उठावं आणि सांगून टाकावं. पण पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्याच्या हाती एक फळकूट लागलंय, ते कागदाचं आहे असं काठावरून कुणी ओरडून सांगावं? तिने नाही सांगितलं. चहा आला, तो सगळ्यांनी घेतला आणि भोंगा सगळ्यांना बागेपर्यंत सोडायला आला.

तो बाहेर आला तेव्हा अंगाने भरला होता. वेळेवर झोपायचा, वेळेवर जेवायचा, कोमट पाण्याची बाटली घेऊन तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. बँडमधल्यांना त्याच्याशी काय बोलावं ते कळेना, कारण याआधी त्यांचं अर्धं बोलणं त्याला सावरण्यातच जायचं. आणि आवाज? आवाज खाली उतरला होता. जाड झाला होता, थोडा खरबरीतही. पण ताईने तालमीत हेडफोन लावून ऐकलं आणि तिच्या अंगावर काटा आला. पूर्वी तो नुसता झेपावायचा, आता तो शब्द म्हणत होता. जिथे पूर्वी टाळ्या घ्यायचा तिथे आता थांबायचा. इतकी वर्षं वाजवलेल्या गाण्याचा अर्थ ड्रमरला त्या दिवशी पहिल्यांदा कळला, असं तो स्वतःच म्हणाला, आणि ड्रमर काही असलं बोलणाऱ्यातला नव्हता.

वरची ओळ मात्र येत नव्हती. जायचा, निसटायचा, खोकायचा, पुन्हा जायचा.

“येईल,” भोंगा म्हणायचा. “पिऊन आली होती त्या दिवशी, मग शुद्धीत का नाही येणार?”

ताईला खरं ठाऊक होतं. ती ओळ त्या दिवशीही आली नव्हती, आणि आता जन्मात यायची नव्हती. तो गळा त्या ओळीपुरता संपला होता. पण हे कुठल्या तोंडाने सांगणार? मग तिने एक युक्ती काढली. गाणी दोन सुरांनी खाली उतरवायची. त्याला सोपं पडेल, नवा आवाज खुलेल, आणि मुख्य म्हणजे जुनं रेकॉर्डिंग आपोआप बाद होईल, कारण ते मूळ पट्टीत होतं. बँड खाली वाजवतोय आणि आवाज वर, असं चालत नाही, ते बहिऱ्यालाही खुपेल. रेकॉर्डिंग नाही म्हणजे खोटं नाही, आणि खोटं नाही म्हणजे ते कधी उघडं पडायचीही भीती नाही. तिला वाटलं, आपण अगदी बेमालूम मार्ग काढला.

मॅनेजरच्या ते क्षणात ध्यानात आलं. “ताई, मला शेंडी लावताय?” तो हसत म्हणाला. “पट्टी उतरवली की रेकॉर्डिंग गेलं. उद्या हा स्टेजवर आडवा झाला तर लोकांपुढे मी गाऊ?”

“तो पीत नाही आता.”

“आज पीत नाही.”

“तुम्ही त्याचं गाणं ऐकलंत का तरी?”

“ऐकलं. चांगलं आहे. वयस्कर आहे. लोक तिकीट काढून यायचे ते त्या ओळीसाठी, ताई. ती ओळ ऐकू आली नाही तर ते म्हणतील, संपला.”

बरीच घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की पट्टी मूळच राहील, पण मामा माइक उघडा ठेवेल. रेकॉर्डिंग मामाच्या शेवटच्या चॅनलवर तयार असेल, अगदीच अडलं तर, आणि तेही ताईला विचारून. “विचारू की,” मॅनेजर म्हणाला. विचारू की म्हणणारी माणसं कधी विचारत नसतात, हे एवढी वर्षं त्याच्याबरोबर काढून ताईला कळायला हवं होतं.

तरी तिने एकदा भोंग्याकडे खडा टाकून पाहिला. तालमीची खोली रिकामी होत होती, तो वायर गुंडाळत बसला होता. ती म्हणाली, “अरे, दोन सूर खाली घेऊन बघूया का? तू सांगितलंस तर मॅनेजर ऐकेल.”

त्याचे हात थांबले. “तुला वाटतं माझ्याने होणार नाही?”

“तसं नाही रे.”

“मग कसं? त्या दिवशी मूळ पट्टीत गायलो की नाही मी? तू होतीस ना तिथे?”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सांगायचंच असतं तर याहून चांगली वेळ येणार नव्हती. तो शुद्धीत होता, धडधाकट होता, चिडला असता तरी तिच्यावरच चिडला असता.

“गायलास,” ताई म्हणाली.

“झालं तर मग.” आणि तो परत वायर गुंडाळायला लागला.

कार्यक्रम संध्याकाळचा होता, मोठ्या हॉलमध्ये. किती दिवसांनी भोंगा येतोय म्हणून लोक लोटले होते. पहिल्या गाण्याला मामाने माइक उघडा ठेवला. लोक जरा बावचळले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. दुसऱ्या गाण्याला हॉल शांत झाला, आणि ती शांतता वाईट नव्हती, ऐकणाऱ्यांची होती. तिसऱ्या गाण्यात पुढच्या रांगेतला एक टक्कल पडलेला माणूस चष्मा काढून डोळे पुसताना ताईने पाहिला. ताईच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. तिला वाटलं, सुटलो. सगळे सुटलो एकदाचे.

तेवढ्यात भोंग्याने उजव्या कानातला इअरफोन काढून खांद्यावर टाकला. पूर्वी तो दोन्ही कान गच्च बुजवून गायचा, जग बाहेर ठेवून. आज त्याला लोक ऐकायचे होते. ताईला इतकं बरं वाटलं की त्यात काही धोका आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मग ते गाणं आलं. सुरुवातीची प्रत्येक ओळ त्याने हलक्या हाताने घेतली. मधे एकदा आवाज चिरकला, फार नाही, एवढासाच. हॉलच्या मागच्या टोकाला मॅनेजर मामाच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. ताईला ते दिसलं, पण मामाचा चेहरा एवढ्या लांबून कसा दिसणार? ती वरची ओळ जवळ येत होती. आणि भोंग्याने काय करावं? तो वर गेलाच नाही. आयत्या वेळी त्याचं त्यालाच सुचलं आणि त्याने ती ओळ खाली वळवली, सावकाश, जवळजवळ बोलल्यासारखी. ताईच्या हेडफोनमध्ये ती ओळ आली आणि ती खुर्चीतून अर्धवट उठली. एवढं सुंदर तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

हॉलमध्ये मात्र ती ओळ वर गेली. लख्ख, तरणी, मूळ पट्टीत. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

भोंगा थांबला. एका कानात त्याचा आवाज थांबला, दुसऱ्या, उघड्या कानात तो चालूच होता. त्याने माइक तोंडापासून खाली घेतला. आवाज चालूच. त्याने मान वळवून पडद्याआड ताईकडे पाहिलं.

ताईचं बोट आपोआप बटणावर गेलं. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय? “भोंग्या,” ती त्याच्या कानात म्हणाली, “ते कानात घाल आधी.”

एवढंच सुचलं तिला. माफी नाही, स्पष्टीकरण नाही. नंतर तिने स्वतःला किती शिव्या दिल्या त्याला गणती नाही.

त्याने मुकाट्याने ते कानात घातलं. उरलेलं गाणं तो हात खाली सोडून, तोंड मिटून उभा राहिला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कुणी शिट्टी मारून विचारलं नाही की अरे, गातोय कोण? लोक स्वतःच गात होते, मोबाइल वर धरून, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून. त्यांना वाटलं तो आपल्याला गाऊ देतोय. दुसऱ्या दिवशी पेपरातही तसंच आलं, की गाण्याच्या ऐन भरात तो स्तब्ध उभा राहिला आणि त्याने आपला आवाज श्रोत्यांच्या स्वाधीन केला. उरलेल्या दोन गाण्यांना त्याने ओठ हलवले. मामाने माइक पुन्हा उघडलाच नाही.

मेकअपच्या खोलीत ताई गेली तेव्हा तो आरशासमोर टॉवेल घेऊन बसला होता. ती दार लावून उभी राहिली.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“बरेच दिवस.”

“तो कार्यक्रमसुद्धा?”

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि आता खरं बोलण्यातही फारसा उरला नव्हता. “तो पहिलाच,” ती म्हणाली.

“कल्पना कुणाची? मॅनेजरची?”

“माझी.”

त्याने मान हलवली. तो ओरडला असता, तिच्या अंगावर काही फेकलं असतं तर ताईला बरं वाटलं असतं. तो चेहरा पुसत राहिला. “काय करत होतो मी त्या दिवशी? खरंखरं सांग.”

“तीन ओळी म्हटल्यास आणि ड्रमपाशी जाऊन बसलास.”

“आणि मी केंद्रात सगळ्यांपुढे ते सांगत बसलो. तू समोर होतीस. चहा पीत होतीस.”

“तेव्हा सांगितलं असतं तर तू—”

“हो, ते कळतंय मला,” तो म्हणाला. “मला सगळं कळतंय, ताई. मी शुद्धीत आहे.”

त्याचा फोन वाजला. आईचा होता. कार्यक्रम कसा झाला ते विचारायला. “छान झाला, आई,” भोंगा म्हणाला. “ताई इथेच आहे, तिलाच विचार.” आणि त्याने फोन ताईच्या हातात दिला. ताई म्हणाली, हो आई, छान झाला, लोक वेडे झाले होते. फोन ठेवल्यावर ती त्याच्यासमोर खाली बसली, गुडघ्यावर हात ठेवून.

“भोंग्या, माझं ऐक. आज तू ती ओळ खाली घेतलीस ना, ती मी ऐकली. माझ्या हेडफोनमध्ये. शपथेवर सांगते, इतकं चांगलं तू उभ्या आयुष्यात गायला नव्हतास. तो जुना आवाज याच्यापुढे काहीच नाही. मामाला विचार. नाही, मामाने ऐकलंच नाही. पण मी ऐकलंय.”

त्याने टॉवेल बाजूला ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. “तुझं खरं कसं मानू?” त्याने विचारलं.

ताईने तो टॉवेल उचलला आणि त्याची घडी घातली. 

पुढचे काही दिवस बरे गेले. तो आईकडे येऊन जेवायचा, मुलीला फोन करायचा, बागेत फिरायला जायचा. ताई मॅनेजरशी कडाकडा भांडली, पट्टी उतरवा नाहीतर मी निघते म्हणाली. मॅनेजर म्हणाला, “ताई, मी काय म्हणतो, त्यालाच विचारूया.” भोंग्याला विचारलं. भोंगा म्हणाला, “मूळ पट्टीच राहू दे. आणि आता माइक उघडायची काही गरज नाही.” मॅनेजरने ताईकडे पाहून हात पसरले. ताई निघाली मात्र नाही. ती गेली असती तर त्या खुर्चीत कुणीतरी परकं माणूस बसलं असतं, आणि ते तिच्या जिवाला सोसवलं नसतं.

त्यानंतरचा कार्यक्रम मोकळ्या मैदानात होता, टळटळीत दुपारी. भोंगा पडद्याआड आला तेव्हा तोंडात पेपरमिंट होतं आणि चाल जरा जास्तच सरळ होती. अशी सरळ चाल ताईने आधी पुष्कळदा पाहिली होती.  तिने त्याचा हात धरला तर तो हसला, आणि तो हसताना किती लोभस दिसतो ते इतक्या महिन्यांत ती विसरूनच गेली होती.

“आज माझा माइक माझ्या कानात देऊ नकोस,” तो म्हणाला. “रेकॉर्डिंगच दे. दोन्ही कानांत.”

“का रे असं करतोस? घरी जाऊया. मी सांगते मॅनेजरला, तब्येत बरी नाही म्हणून.”

“ऐक ना. शुद्धीत असलो की तो दुसराच कुणीतरी गातोय असं वाटतं. दोन घोट घेतले की तो माझाच वाटतो.” तो हे असं बोलला, की जणू औषधाची वेळ सांगतोय. “दे ना, ताई.”

आणि ताईने दिलं. काय करणार होती? खाली हजारो लोक त्याच्या नावाने ओरडत होते, ड्रमरने काठ्या उचलल्या होत्या, आणि तिला ठाऊक होतं की नाही दिलं तरी तो प्यायचा राहणार नाही.

गाणी सुरू झाली. भोंगा स्टेजभर धावत होता, खुशीत होता, लोक खुळावले होते. त्याचा खरा माइक आता जगात एकाच ठिकाणी ऐकू येत होता, ताईच्या हेडफोनमध्ये, तेही तिने ठरवलं तर. बराच वेळ तिने तो लावलाच नाही. मग त्या उंच ओळीच्या गाण्याला तिला राहवेना आणि तिने त्याच्या माइकचं बटण दाबलं.

तो गात नव्हता. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग त्याचा बोलण्याचा आवाज आला, जरा जड, पण नेहमीचा, घरातला. ओठ गाण्याच्या शब्दांबरोबर हलल्यासारखे दिसावेत म्हणून तो थांबून थांबून बोलत होता, आणि तोंड लोकांकडेच होतं.

“ताई,” तो म्हणाला, “ऐकतेयस ना? मला माहितीय तू ऐकतेयस.”

तिने बोट बोलायच्या बटणावर ठेवलं, पण दाबलं नाही.

“केवढे लोक आलेत, बघ. त्या दिवशी खाली घेतलेली ओळ खरंच चांगली झाली होती का गं?” मग पुन्हा नुसता श्वास. “जाऊ दे. आईला सांगू नकोस, मी परत सुरू केली म्हणून. तिला झेपायचं नाही. तू सांगितलंस तर ती तुझं खरं मानेल.”

ताईने बटण दाबलं. 

“नाही सांगत,” ती त्याच्या कानात म्हणाली.

वरची ओळ आली होती. त्याने मान मागे टाकली, माइक वर धरला आणि तोंड मोठ्ठं उघडलं.